थांबायला परवडेल एवढा पगार

संध्याकाळी आमच्या मंगळवार पेठेतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात काढून देतात. तिथं रोज एक गृहस्थ असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही एकमेकांना पावणं म्हणायचो, तेवढ्यावर भागायचं. एक घोट घ्यायचा, मिशीवरचा फेस अंगठ्यानं पुसायचा आणि मगच जगाकडं बघायचं, ही त्यांची पद्धत.

एकदा मी फोनवर मुंबईच्या नोकरीचं बोलत होतो. पगार किती हवा, तो आकडा मलाच सांगायचा होता. फोन ठेवून मी त्यांनाच विचारलं, "मुंबईत निवांत राहायला किती पगार लागत असेल हो?"

त्यांनी फेस पुसला. "म्या गेलतो की मुंबईला. एकाला पत्ता इचारला, तर गडी चालत चालतच सांगाय लागला. मला वाटलं, आपल्यागत दारापतूर सोडाय निघालाय. गेलो की मागनं. आन् त्याचं हापिस आलं!"

"मग?"

"मग काय! मानसाला वाटंत थांबाय परवडंल, एवढा पगार मागा."

तेवढ्यात एका बाईंनी त्यांना देवळाची वाट विचारली. "चला की, दावतो," म्हणत त्यांनी आपला ग्लास माझ्या हातात दिला आणि ते निघालेसुद्धा.

माझा फोन वाजला, मुंबईचाच. "सर, आकडा ठरला का?"

"जरा थांबा. हातात पावण्यांचं दूध आहे."

"किती वेळ, सर?"

"देऊळ लांब आहे," मी म्हटलं.