दादा फोन उचलतो

चहा गार झाला तरी चालेल, पण मध्येच हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, आणि तेही माझ्यावर. आमच्या घोडेगावात ही गोष्ट अजून कुणाला कळलेली नाही. कळली तर माझे जुने विद्यार्थी मला बाजारात फिरू देणार नाहीत.

तीस वर्षं मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं. भूत, भानामती, करणी, अंगात येणं, सगळ्यांची वर्गात पिसं काढली. "पुरावा आणा!" हे माझं ठरलेलं वाक्य. पोरं माघारी मला 'पुरावाबाई' म्हणायची. तर या पुरावाबाईंनी दहा दिवस मेलेल्या भावाशी फोनवर गप्पा मारल्या.

बघा, हसलात ना!

माझा थोरला भाऊ निरगुडसरला शेती करायचा. सगळं घर त्याला दादाच म्हणायचं, त्याचा मुलगासुद्धा. मी रिटायर झाल्यापासून रोज दुपारी चारला त्याला फोन करायचे. बोलायचे मीच. दादा पहिल्यापासून मूग गिळून बसणारा. पलीकडून नुसतं 'हुं' करायचा. पण त्या 'हुं'वर माझा दिवस निघायचा, खरं सांगते.

माघात दादा गेला, झोपेतच. दहाव्याला घाटावर कावळा तासभर पिंडाला शिवेना. लोकांनी हे कबूल केलं, ते कबूल केलं, तरी शिवेना. मी आपलं म्हटलं, "ऊन आहे, कावळ्यांना भूक नसेल." वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सावरून मागे सरकले.

होळी होऊन गेली. एक दिवस चारचा चहा गाळला, खुर्चीत बसले, आणि हाताच्या सवयीनं दादाचा नंबर लागला. माझ्या लक्षात आलं तेव्हा रिंग वाजत होती.

रिंग? अहो, गेलेल्या माणसाचा फोन बंद नको का यायला? कापायला बोट पुढं केलं, तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

"हॅलो?"

काही नाही. मग 'खट्' असा आवाज. आणि मग कुठूनतरी खोलातून, एकसारखं, न थांबता... हुंऽऽऽऽ.

अंगावर सर्रकन काटा आला. कान देऊन ऐकलं, तर मागे पाणी ठिबकत होतं. भर दुपार, बाहेर ऊन रणरणतंय, आणि माझे पाय बर्फ झालेले.

आता विज्ञानाच्या बाईनं काय करायला हवं होतं? संतोषला, म्हणजे दादाच्या मुलाला, फोन करून विचारायचं. साधी गोष्ट आहे. मी काय केलं? मी म्हटलं, "दादा, जेवलास का रे?"

हुंऽऽऽऽ.

घ्या! दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशीही. भीती वाटायची, आणि चार कधी वाजतात असंही व्हायचं. कुणाला सांगितलं नाही. पुरावाबाई कुठल्या तोंडानं सांगणार?

पाचव्या दिवशी संध्याकाळी संतोषचा फोन.

"आत्या, तुमाला म्हनून सांगतो, कुनाला बोलू नका. आपली विहिरीवरची मोटर आपोआप चालू व्हतीया."

"वायरिंग बघ."

"वायरमन दोनदा आनला. फॉल्ट घावंना. पैसंबी न घेता पळाला त्यो!"

वायरमन पैसे न घेता गेला? आता मात्र मला घाम फुटला.

"किती वाजता चालू होते?"

"रोज चारला. घड्याळ लावून घ्या तुमी."

मी चारला दादाला हाक मारते, आणि दादा उठून मोटरीवर जातो! दुसरा काय अर्थ काढायचा?

"आत्या, कांदा काढाया आलाय. माना पडल्यात, पानी तोडलं व्हतं. आता असा भिजलेला साठवनीला बराखीत भरला तर समदा नासनार. दादा आन् आईनं जोडीनं लावलेला ह्यो शेवटचा कांदा हाये."

"मग वहिनी मेन स्विच का पाडत नाही?"

"हात लावू देत न्हाई. म्हनती, त्यांची इच्छा ऱ्हायलीया, कावळा शिवला न्हवता. पानी देत्यात तर देऊ दे. चारला कपभर चा नेऊन ठिवती मोटरीपाशी."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्यामुळे दादाचा जीव अडकलाय आणि वहिनीचा कांदा चाललाय. दुसऱ्या दिवशी फोन लावला आणि वर्गातला आवाज काढला. "दादा, मोटर लावू नकोस! ऐकतोयस ना?"

हुंऽऽऽऽ.

ऐकतोय म्हणायचा, आणि संध्याकाळी संतोष सांगायचा, "आत्या, आजबी!" मग मी दुसऱ्या दिवशी हात जोडून सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी रडून सांगितलं, तेही तीनदा फोन करून.

"आत्या, आज सुट्टी काढून बसलो व्हतो. तीनदा बंद केली, तीनदा चालू झाली! तुमीच या आता. तुमचा असल्या गोष्टीवर इस्वास न्हाई. आईला समजवा."

गेले. मंचरला एसटी बदलून निरगुडसर गाठलं. रानात पाहते तर पात चिखलात लोळलेली, वाफ्यांत पाणी उभं, मऊ पडलेल्या कांद्याचा वास. विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीत वहिनी बसलेली. शेजारी बशीनं झाकलेला कप. चार वाजत आले तसे आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. विहिरीतले पारवे तेवढे घुमत होते.

चार वाजले. काही नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोटर गप्प.

वहिनीनं बशी उचलली, गार चहाकडे पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "वन्सं, तुमचा इस्वास न्हाई ना... तुमाला बघून फिरले माघारी. रोज येत व्हते वो!"

विज्ञान गेलं खड्ड्यात! मी खोलीच्या मागं गेले, भिंतीला टेकून फोन लावला आणि कुजबुजले, "दादा, तिच्यासाठी एकदा ये रे."

खट्.

हुंऽऽऽऽ. एका कानात फोनमधून, आणि दुसऱ्या कानात भिंतीपलीकडून!

आत वहिनी किंचाळली, "आले!" बाहेर मी तिच्याहून मोठ्यानं किंचाळले आणि पळाले ती थेट कांद्याच्या वाफ्यात आडवी. साडी, केस, चष्मा, सगळा चिखल. फोन मात्र कानाला तसाच.

संतोष धावत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं.

"आत्या, कुनाला फोन लावलाय?"

"दादाला."

तो मटकन बांधावर बसला. "आत्या, त्यो मोबाइल स्टार्टर हाये. आतल्या सिमवर फोन केला का मोटर चालू व्हती. चालू झाली का न्हाई ते कळावं म्हनून आत माइक हाये. जुनं सिम बंद पडलं, मंग दादांचं घातलं. वर्षाचा रिचार्ज मारलेला व्हता, वाया कशापायी घालवायचा?"

"अरे, मग कुणीतरी फोन करत असेल एवढं कळलं नाही तुला?"

"मी म्हनलं, मेलेल्या मानसाला कोन येडं फोन करतंय!"

वहिनी दारात उभी होती. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "म्हंजी रोज चारला तुमी व्हता व्हय? मला वाटलं, ते व्हते." आणि तो गार चहा तिनं माझ्या हातात दिला. चिखलात बसूनच प्यायले.

विहिरीकडचे वाफे नासले, वरचा कांदा वाचला. आठवड्यानं संतोष माझ्या दारात एक गोणी टाकून गेला. उघडून पाहिली तर सगळे भिजके, मऊ पडलेले कांदे. मी विळी घेऊन निवडायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात चार. स्क्रीनवर नाव, 'दादा'.

सगळं माहीत असूनही कांदा हातातून सुटला, बरं का! कसाबसा फोन उचलला.

"वन्सं, मी बोलतीया. मोटरीला नवं सिम घेतलं, ह्यांचं माझ्या फोनात घातलं. भिजवनाऱ्या भुताला त्याचा वाटा पोचला का?"

तीस वर्षं वर्गात बोलून बोलून घसा बसवलेली बाई मी.

म्हटलं, "हुं."