गुडघ्याचं पत्रक

पत्रक लिहायला मी पुण्यात शिकले, अभ्यासवर्गातल्या मोठ्या मुलामुलींकडून. पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत तो कोणी केला, तिसरीत आमची मागणी. वाचणारा रस्त्यात उभा असतो, त्याला तुमच्या भावनांसाठी वेळ नसतो. ही शिस्त घेऊन मी ऑकलंडला आले. पेनरोजमधल्या एका गोदामात बारकोडची सिस्टिम सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी एका गटासोबत स्थलांतरित कामगारांसाठी पत्रकं काढायची, असं तीन-चार वर्षं चाललं. त्यातल्या एका पत्रकाबद्दल मी आजवर गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचाही आता कंटाळा आलाय.

गोदाम गोठवलेल्या भाज्यांचं होतं. तिथे पॅलेट रचणाऱ्यांत एक घानाचा माणूस होता. उंच, कागदावर वय एकोणतीस. खरा धंदा फुटबॉल. स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायची जबाबदारी ज्याच्यावर तो. गोदामाचा मालकच एका क्लबचा अध्यक्ष होता, म्हणून सोमवार ते शुक्रवार भाज्या आणि शनिवारी सामना. व्हिसा गोदामाच्या नावावर. खेळाडू म्हणून आणायचा आणि हमाल म्हणून नोंदवायचा! माझं डोकं तिथेच तापलं होतं.

मी पुण्याची आहे म्हटल्यावर तो हसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "काय भावा, जेवलास का?"

दोन हंगाम तो कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळला होता. मराठी एवढीच, आणि सगळ्यांना भावा. मी बाई आहे हे सांगून काही उपयोग झाला नाही. बाकी आम्ही इंग्रजीतच बोलायचो.

"कोल्हापुरात गोल मारला की खांद्यावर घेतात," तो सांगायचा, "आणि चुकवला की आईवरून शिव्या. इथे चुकवला की म्हणतात, अनलकी, मेट. मला शिव्या बऱ्या वाटतात. निदान कोणाला तरी काहीतरी वाटतंय."

एकदा स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, तो पॅन्ट वर करून बसलेला दिसला. उजव्या गुडघ्यावर मटारची गोठलेली पिशवी. गुडघा दुप्पट झाला होता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"क्लबचा एक माणूस आहे. सामन्याआधी सुई देतो. नव्वद मिनिटं गुडघा आहे की नाही तेच कळत नाही." मग बोट ओठांवर ठेवलं. "हे आपल्यात, भावा. हंगामानंतर थायलंडला जायचंय. दोन वर्षांचा करार. एजंट बोललाय. शेवटचा करार आहे माझा."

"आणि तिकडे तपासणार नाहीत?"

"तिकडचा डॉक्टर गुडघा दोनदा वाकवतो आणि सही करतो."

आपल्यातच राहील, मी म्हटलं. कोणालाही सांगितलं नाही. छापलं.

त्याचं नाव टाकलं नाही, क्लबचं टाकलं नाही, आणि त्याबद्दल स्वतःला फार जबाबदार समजले. 'पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या एका स्ट्रायकरला सुया टोचून मैदानात उतरवलं जातं. खेळाडू म्हणजे यंत्र नव्हे. डॉक्टरच्या दाखल्याशिवाय कोणालाही खेळवू नका.' शनिवारी मैदानाच्या फाटकावर आम्ही ते वाटलं. ब्रेडमध्ये सॉसेज धरलेल्या लोकांनी दुसऱ्या हाताने घेतलं. संध्याकाळी फेसबुकवरही टाकलं. त्या अख्ख्या लीगमध्ये पश्चिम आफ्रिकेतला स्ट्रायकर एकच आहे, हा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही. आला असेल तर मी तो ऐकला नाही.

घरी, हिल्सबरोला, मी चुलतभावाकडे राहायचे. वहिनीने पत्रक वाचलं, चष्मा काढला.

"छान लिहिलंयस. त्याला विचारलं होतंस?"

"वहिनी, मालकाच्या मुठीतला माणूस आहे तो. तो कसा हो म्हणेल?"

"म्हणजे नाही विचारलंस." वहिनी युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळलेली. "आम्ही घोट्याला पट्टी बांधायचो ना, ती मोज्याच्या आतून. सरांना दिसली की बाहेर बसवायचे. दुखलेलं लपवणं हा अर्धा खेळ असतो गं. तू तोच चव्हाट्यावर आणलास."

"मग काय, मरू द्यायचं खेळून?"

"मी कुठे तसं म्हटलं? विचारलंस का, एवढंच विचारलं."

पंधरा दिवसांत क्लबने माघार घेतली. यापुढे दाखल्याशिवाय कोणीही खेळणार नाही. आमच्या बैठकीत कोणीतरी केक आणला. माझी पहिली पूर्ण मान्य झालेली मागणी. सोमवारी गोदामात तो म्हणाला, "गुड मॉर्निंग." नुसतं गुड मॉर्निंग. तपासणीच्या यादीत पहिला तोच होता, आणि थायलंडच्या एजंटाचा मेसेज त्याआधीच आला होता: गुडघ्याची काळजी घे, शुभेच्छा.

स्कॅनला मी त्याला माझ्या गाडीतून नेलं. नको म्हणाला नाही, कारण बसस्टॉप लांब होता. बाहेर आला, सीट मागे सरकवून पाय ताणला.

"ऑपरेशन. मग नऊ महिने. मग बघू, म्हणाला. चांगला माणूस आहे डॉक्टर."

"सॉरी," मी म्हटलं.

"तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. पण या गुडघ्यात अजून चार महिने होते. आम्हाला कळतं ते. ते कुठे वापरायचे, हे मी ठरवणार होतो."

"नंतर तुला नीट चालताही आलं नसतं."

"नसतं आलं. मग?"

मी वाद घालण्यात कोणाला ऐकत नाही. तिथे मी नुसती किल्ली फिरवली. तो नियम मला आजही योग्य वाटतो. त्याच्यानंतर आलेल्या पोरांचे गुडघे त्या नियमाने वाचले असतील. पण ती पोरं मला भेटलेली नाहीत, हा भेटलाय.

"ग्राउंडवरून घे," तो म्हणाला. "बूट आणायचेत."

मैदानावर सराव चालू होता. तो चेंजिंग रूममधून बूट घेऊन निघाला, तेव्हा पलीकडून कोणीतरी ओरडलं, गुडघा कसा आहे रे?

"स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. त्याने हात वर केला.

आणि दारापासून माझ्या गाडीपर्यंतचं अंतर तो जराही न लंगडता, सावकाश, सरळ चालत आला. सगळे बघत होते. आत बसला, दार लावून घेतलं, दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि म्हणाला, "आता चल. लवकर."

मी गाडी काढली.