तळघरातली संख्या

कॅनडातल्या मॅनिटोबात जानेवारीच्या थंडीत गाडीचं इंजिन विजेवर शेकत ठेवलं नाही, तर संध्याकाळी घरी जायचं विसरावं. ड्वेन रविवारी सासुरवाडीला जेवायला आला, तेव्हा अंगणातल्या प्लगवर सासऱ्यांची गाडी आधीच शेकत होती. म्हणून त्याने तळघराच्या खिडकीतून वायर आत सोडली, भिंतीतला एक प्लग उपटला आणि तिथे आपली जोडली. उपटला तो जुन्या फ्रिजचा असेल, असं त्याला वाटलं. तो सासऱ्यांच्या, म्हणजे कॉर्नेलियस फ्रीसनमास्तरांच्या संख्येचा होता.

संख्या म्हणजे, दोनला दोननेच कोट्यवधी वेळा गुणत जायचं आणि येईल त्यातून एक वजा करायचा. लिहून काढली तर तीन कोटींवर आकडे. शेवटचा सात, एवढं मास्तर तोंडी सांगत. ती मूळ संख्या आहे, की तिला एक आणि ती स्वतः सोडून आणखी कुणी नि:शेष भागतं, हे तळघरातला थकलेला कॉम्प्युटर सप्टेंबरपासून तपासत होता. झालेलं काम तो मध्ये जपून ठेवत नसे. कारण जपताना तो खरखरे, आणि वर त्यांच्या बायकोची, मार्गरेटाबाईंची, झोप मोडे.

शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यापासून मास्तरांनी अशा कितीतरी संख्या तपासल्या होत्या. मूळ एकही निघाली नव्हती. आता घर विकलं होतं, जूनअखेर ताबा द्यायचा होता. पुढच्या फ्लॅटात हे धूड येणार नाही, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. तेव्हा ही शेवटचीच.

निघताना प्लग परत लावायला गेल्यावर ड्वेनला चूक कळली. त्याने कबुली दिली तेव्हा मास्तर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते.

"गाडी सुरू झाली का?"

"पहिल्या झटक्यात, बाबा."

"मग कुणाचं तरी काम झालं म्हणायचं, जावईबापू."

आणि गुडघे धरत खाली जाऊन त्यांनी संख्या पहिल्यापासून लावली.

त्यानंतर ड्वेन दर रविवारी आल्या आल्या तळघरात जाऊन प्लग बघून येई, मग बूट काढी. बायको म्हणे, आजारी माणसालाही तू इतका भेटायला जात नाहीस. जूनमध्ये घराची खोकी झाली, पलंग गेले, टेबलही गेलं. कॉम्प्युटर उघड्या जमिनीवर घुरघुरत राहिला.

ताबा द्यायच्या आठवड्यात तो थांबला. या कसोटीत सगळं उलटं, शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. उरली होती भलतीच लांबलचक बाकी. मास्तरांनी चष्मा पुसून ती पुन्हा पाहिली आणि पालथ्या बादलीवर बसले.

"म्हणजे भाग जातो," ड्वेन म्हणाला. "कशाने?"

"ते कळत नाही. भाग जातो, एवढंच कळतं."

ड्वेनने प्लग काढला. या वेळी विचारून. वायर गुंडाळताना जानेवारीपासून मनात ठेवलेलं त्याने विचारून टाकलं.

"बाबा, तेव्हा मी तो उपटला नसता तर?"

"हेच उत्तर फेब्रुवारीत आलं असतं."