बिनसुकटीची भाजी

अख्ख्या अर्नाळ्यात माझ्यासारखा मोकळ्या मनाचा नवरा शोधून सापडनार नाय. बायकोचा मोबाईल मी कधी तिच्यासमोर बघितला नाय, ती आंघोळीला गेली की मगच बघायचो, आनि तेव्हा पन फार काय हाती लागायचं नाय, कारन मला वाचता येत नाय.

शाळेत मी दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी मास्तरांनी पाटीवर एक अक्षर काढून दिलं, मी त्याला शेपूट आनि डोळा लावून बोंबील केला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझा कान धरला. तिसऱ्या दिवशी बापाने हातात वल्हं दिलं. बायको माझी दहावी पास. माहेर पाचूबंदरचं, शाळा वसईत. लग्न झालं तेव्हा मी सगळ्या गावात सांगत फिरलो, शिकलेली बायको आनली म्हनून. तेव्हा डोक्यात आलं नाय की शाळा म्हटली की वर्ग आला, आनि वर्ग म्हटला की त्यात पोरगे पन आले.

आमच्यात काम वाटलेलं असतं. मासा मी धरायचा, विकायचा तिने. समुद्र माझा, बाजार तिचा. मनवेलपाड्याच्या नाक्यावर निळ्या ताडपत्रीखाली तिची जागा आहे. दोन वर्षांमागे शेजारची जागा रिकामी झाली आनि तिथे एक भाजीवाला येऊन बसला. वसईच्या वाडीतला. दुधी, पावटा, केळी, आळूची पानं. त्या दिवशी बायको घरी आली ती हसतच.

"ओळखलंच नाय मी त्याला! डोक्यावरचे केस गेले ना. आमच्या वर्गातला तो. गनिताचा पेपर मला दाखवायचा."

"अरे वा," मी म्हनालो. घशात काटा अडकल्यासारखं झालं. जेवायला त्या दिवशी डाळ होती.

पहिले काही महिने मी निवांत होतो, कारन तो भाजीवाला मासे खात नाय. नाकाला रुमाल लावून बसतो, मच्छीवरची माशी दुधीवर बसली की कुरकुरतो. मी मनाशी म्हटलं, ज्याला बोंबलाचा वास चालत नाय तो कोळनीच्या जवळ सरकून सरकून किती सरकनार? या एका हिशोबावर मी बरेच दिवस ढाराढूर झोपलो.

मग एक दिवस मी टोपातली वांग्याची भाजी चाखली.

आमच्या घरात भाजी हे सुकट टाकायचं निमित्त असतं. भेंडीत सुकट, मेथीत जवळा, वांग्यात सोडे. त्या वांग्यात काहीच नव्हतं. नुसतं वांगं होतं.

"यात सुकट कुठाय?"

"नाय टाकली."

"संपली?"

"डबा भरलेला आहे."

"मग?"

"तो खात नाय ना. दुपारी बाजारात एकत्र जेवतो आम्ही. त्याच्या बायकोने दिलेला डबा आनि माझा डबा, दोन्ही मधे ठेवतो. त्याच्यासमोर मी एकटी सुकट खात बसू काय?"

त्याला बायको आहे, हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाय वाटलं. बायको मला पन आहे.

लग्नाला एकोनीस वर्षं झाली. मला कावीळ झाली होती तेव्हा डॉक्टरने मासे साफ बंद सांगितले होते. तेव्हा पन हिने माझ्या दुधीत चिमूटभर सुकट टाकलीच. म्हनाली, त्याच्याशिवाय भाजीला चव कशी येनार? मी पिवळा पडलो तरी चव येत नव्हती, आनि याच्यासाठी बरोबर येते! त्या वांग्याच्या टोपासमोर बसून मला एवढा राग आला की मी सगळी भाजी खाल्ली. चांगली झाली होती, त्याचा आनखी राग आला.

मग मोबाईल सुरू झाला. लिहिलेलं मला कळत नाय, पन तो बोलून पाठवायचा. बानाच्या खुनेवर बोट दाबलं की त्याचा आवाज. उद्या पावटा आनतोय. तुझी बर्फाची पेटी माझ्या छत्रीखाली सरकवली. आज ती भांडकुदळ बाई तुला शोधत होती. आनि प्रत्येक वेळी सुरवातीला तिला एका नावाने हाक. शाळेतलं चिडवायचं नाव. एकोनीस वर्षांत मला ते माहीत नव्हतं. माझ्या घरात माझ्या बायकोचं एक नाव होतं आनि ते दुसऱ्याच्या तोंडात होतं.

मी फार हुशारी केली. जेवताना सहज म्हटलं, "मीठ दे गं," आनि पुढे ते नाव जोडलं.

तिचा हात तसाच राहिला. "हे नाव तुला कोनी सांगितलं?"

"कोनी नाय."

"मोबाईल बघतोस?"

"बघत नाय. ऐकतो."

ती उठली, मोबाईल आनला, मधे ठेवला. "चोरून कशाला? समोर बस. मोठ्याने लावते." आनि तिने एकेक करून सगळे लावले. माझी आई पन येऊन बसली. पावटा, पेटी, पाऊस, ताडपत्रीची दोरी, कोनाच्या पोरीचं लग्न. अर्ध्या तासाने आई म्हनाली, "यापेक्षा रेडिओ बरा," आनि उठून गेली.

त्यात पाप काहीच नव्हतं. हसनं होतं. तो काहीतरी बोलायचा आनि हसायचा, मग उलट पाठवताना ही हसायची, पोटातून, श्वास लागेपर्यंत. तेच मला सहन होईना. पाप असतं तर भांडलो असतो. हसन्यावर कसं भांडनार? माझ्याबरोबर ती शेवटची तशी हसली होती तेव्हा मी धक्क्यावरून घसरून चिखलात बसलो होतो.

आता मला समुद्रावर पन चैन पडेना. आमचं जाळं म्हनजे एक लांब पिशवी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना तिचं तोंड बांधायचं. पानी वाहतं तशी ती फुगते, मासा आपोआप आत जातो. पानी थांबलं की ओढायची. पानी वाहत असताना तिला हात लावायचा नाय, हे आमच्यात पोराला चालायच्या आधी कळतं. मी वीस वर्षं तांडेल आहे, होडी माझी, दोन खलाशी माझ्या हाताखाली.

त्या दिवशी उधान होतं, पानी घोड्यासारखं पळत होतं. होडीच्या टोकावर उभं राहिलं तर तिथे मोबाईलला एक दांडी मिळते. मी टोकावर उभा राहून बायकोला फोन लावला. ती मोबाईलमधली बाई म्हनाली, दुसऱ्याशी बोलत आहेत. दहा मिनिटांनी लावला, परत तेच. शेजारी बसलेला मानूस फोन कशाला करेल, एवढा साधा विचार मला आला नाय. मला फक्त ते नाव ऐकू यायला लागलं. आनि ते हसनं. नंतर कळलं, माझी आईच गॅसच्या सिलेंडरवरून तिचं डोकं खात होती.

"ओढा जाळं," मी म्हनालो.

खलाशांनी एकमेकांकडे बघितलं. "तांडेल, पानी अजून दोन तास चालनार."

"ओढा म्हटलं ना."

"पोटात दुखतंय काय तुमच्या?"

"हो," मी म्हनालो. "पोटातच दुखतंय."

ओढलं. तिघांचे हात सोलले. जाळं अर्ध्यावर आलं आनि जुना पडदा फाटावा तसं फाटलं. आत काय निघालं तर जेलीफिश, काडीएवढे चार बोंबील आनि एक चप्पल, ती पन डाव्या पायाची. त्या ओढातानीत माझा मोबाईल होडीच्या तळाच्या पान्यात पडला आनि बंद झाला. मी इंजिन फिरवलं आनि भर वाहत्या पान्यात होडी किनाऱ्याला आनली.

वाळूवर बोंबील वाळत घालनारी एक म्हातारी उभी होती. ती ओरडली, "कोन गेलं रे?" मी उत्तर दिलं नाय. चड्डीतून पानी गळत होतं, तसाच रस्त्याकडे पळालो. दोन रिक्षा बदलल्या. दुसऱ्या रिक्षात शेजारचा मानूस उठून पुढे ड्रायव्हरला चिकटून बसला.

मनवेलपाड्याच्या नाक्यावर पोचलो तर बायको जागेवर नाय. तिच्या पाटावर तो बसलेला. नाकाला रुमाल, दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, आनि एका बाईला बोंबील मोजून देतोय, जनू साप उचलतोय. मला बघून त्याच्या हातातून बोंबील गळून पडला.

"तू जिवंत आहेस?" तो म्हनाला.

मी माझ्या ओल्या चड्डीकडे बघितलं.

"अर्नाळ्यातनं एका म्हातारीचा फोन आला तिला. होडी भर पान्यात परत येतेय म्हनून. ती रडत पळाली रे. चप्पल नाय, फोन पन इथेच टाकून गेली."

तेव्हा माझं डोकं ठिकान्यावर आलं. आमच्यात पानी थांबायच्या आधी होडी परत येते ती एकाच कारनासाठी. कोनी बुडालेलं असतं, नायतर होडीत कोनी मेलेलं असतं. लहानपनी मी स्वतः आईचा पदर धरून असा धावलो होतो किनाऱ्यावर. आनि आज मी वाळूवरून गप पळालो होतो.

त्याने पिशव्या काढल्या, तिच्याच फोनवरून माझ्या घरी लावला. "मावशी, तुमचा मुलगा इथे आहे. ओला आहे, पन धड आहे."

पलीकडून आईचा आवाज मला एवढ्या लांबून आला. "ठेव त्याला तिथेच!"

तासाभराने बायको आली. पाय धुळीने भरलेले, डोळे सुजलेले. खलाशांनी तिला वाळूवर सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ओरडेल. तिने मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, कुठे फुटलं नाय ना ते तपासल्यासारखं. मग विचारलं, "फोन लागला नाय म्हनून जाळं फाडलंस?"

"हो."

"मी याच्याबरोबर आहे म्हनून?"

मी मान हलवली. बाजारातल्या सगळ्या कोळनी गप झाल्या होत्या, आनि ते रोज होत नाय. भाजीवाल्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या टोपल्या उचलल्या आनि नाक्याच्या पलीकडे, भर उन्हात मांडल्या.

म्हनजे मी जिंकलो. दोन वर्षं जे पाहिजे होतं ते मिळालं. फाटलेलं जाळं शिवत मी घरी बसलो, आनि संध्याकाळी बायको यायची ती मुकी. भांडन नाय, टोमना नाय. जेवन वाढायची, भांडी घासायची. भाजीत सुकट होती, मूठभर. तिचा डबा अर्धा भरलेला परत यायचा. हसनं घरात पन नाय, मोबाईलमधे पन नाय. आठ दिवस झाले तेव्हा मला भीती वाटायला लागली की आता हे असंच राहनार. तो गेला, पन जाताना तिचं जे काय होतं ते घेऊन गेला, आनि ते मी दिलेलं नव्हतंच.

नवव्या दिवशी मी शिवायचं जाळं तसंच ठेवून नाक्यावर गेलो. तिच्याकडे नाय, पलीकडे. तो उन्हात डोक्यावर आळूचं पान ठेवून बसला होता.

"परत तिथे बस," मी म्हनालो.

"ती सांगते की तू?"

"मी."

"परत पोटात दुखेल तुझ्या."

"दुखेल. मी बघेन काय ते. तू बस."

त्याने थोडा विचार केला. "मग टोपल्या तूच उचल. मी तिथून आनल्या, पाठ गेली माझी."

उचलल्या. डोक्यावर दुधीची टोपली, काखेत केळी, असा मी, अर्नाळ्याचा तांडेल, भर बाजारातून चाललो. एक कोळीन ओरडली, "काय तांडेल, आज दुधीचं उधान आलं काय?" दुसरी म्हनाली, "अगो, याच्या जाळ्यात बरोबर हेच येनार!" सगळ्या हसल्या. मी मुद्दाम एक दुधी पाडला, आनखी हसल्या. बायको माझ्याकडे बघत नव्हती, बोंबील कापत होती. पन कान लाल झाले होते, आनि मग तिचे खांदे हलायला लागले.

दुपारी डबे उघडले. मला पन बसवलं, मधे नाय, कडेला. वांग्याची भाजी, बिनसुकटीची. तो काहीतरी बोलला, ती हसली, माझ्या पोटात बारीकशी कळ आली. मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. अजून येते ती कळ. रोज येते. आता मी वाहत्या पान्यात जाळं ओढत नाय, एवढंच.

भाजीवाला हात धुवायला गेला तेव्हा मी बायकोजवळ सरकलो. नऊ दिवस एक गोष्ट मी मनात जपून ठेवली होती, बाकी सगळं तोंडावर पडलं तरी ती एक माझी होती.

"काय पन म्हन," मी म्हनालो, "त्या दिवशी तू माझ्यासाठी रडत अर्नाळ्यापर्यंत पळालीस."

ती डबा पुसत होती. मान वर न करता म्हनाली, "तुझ्या एकट्यासाठी नाय. होडीवर दोन खलाशी पन होते."