ठरावाशिवाय मरण नाही

चामोर्शीच्या बसमध्ये मी एक जुनी स्पॅनिश कादंबरी वाचत होतो. शेजारच्या बाईंनी मांडीवरची मोहफुलांची टोपली सावरत विचारलं, "काय वाचून राह्यले भाऊ?"

"यातला नायक आपल्याच लेखकाच्या घरी गेलाय, मला मारू नका म्हणायला. लेखक म्हणतो, तू माझ्या कल्पनेतला. मी ठरवलंय, तू मरणार."

बाई खवळल्या. "ग्रामसभेले इचारलं का त्यानं? आमच्या गावात ठरावाबिगर बांबू तोडता येत नाई, अन हा माणूस मारून राह्यला!"

आजूबाजूचे हसले. बाईंनी मात्र चिकट बोट पानावर दाबून धरलं. "मेला का तो?"

"अजून नाही. पुढे कळेल."

"मंग ठराव होतवर पान पलटवू नका."

त्या उतरल्या. ग्रामसभेच्या हक्कांवर मी ढीगभर पत्रकं लिहिलीत; ठरावाआधी पान कसं उलटणार? मी अजून त्याच पानावर आहे.