हात वर करून उभी पोरगी

"दिसायला तर चांगली आहे. मग ही नाटकं कसली?"

विमानतळावर तपासणीच्या रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या बाई बोलल्या. माझी अकरा वर्षांची मुलगी तेव्हा फरशीवर पालथी पडली होती. कान दाबून किंचाळत होती.

तिला स्वमग्नता आहे. ते तोंडावर दिसत नाही. अनोळखी हात लागला, कर्कश आवाज झाला, की तिला सोसवत नाही. तपासणाऱ्या बाईनं तिचे दोन्ही हात धरून वर केले, यंत्र अंगावरून फिरवलं. ते कुईं करून वाजलं. झालं.

मी एकोडी गावची. जवळच साकोलीला शाळेत शिकवते. नवरा हैदराबादला नोकरीला. रेल्वेची गर्दी पोरीला झेपत नाही, म्हणून विमान. सोबत माझे वडील. वर्षभरानं ती बापाला पाहणार होती. निघताना साऱ्या गल्लीला सांगत सुटली होती, "विमान. पप्पा." तिच्याकडे शब्द थोडेच आहेत.

आत शिरल्यावर मदतीच्या टेबलावरच्या मुलीनं सूर्यफुलांची चित्रं असलेला हिरवा पट्टा दिला होता. म्हणाली, "हा गळ्यात घाला. म्हणजे आमच्या लोकांना कळतं, हिला वेळ द्यायचा, एकदम हात लावायचा नाही."

मी तो पोरीच्या गळ्यात घातला. वडिलांचा चेहराच उतरला.

"काढ थे," ते म्हणाले. "आपल्या गळ्यात खूण बांधाचे दिवस गेले. कायले बांधून रायली?"

आमच्या वस्तीत दर चौदा एप्रिलला जयंतीचं भाषण होतं. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून आपल्या पूर्वजांच्या गळ्यात बांधलेल्या मडक्याची गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. मीही ऐकलेली. त्यांनी पट्टा काढला, घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी कदाचित काढला नसता.

आणि आता पोरगी फरशीवर. तपासणीवरच्या साहेबापुढे मी हात जोडले. "साहेब, माफ करा, तिला समजत नाही." पोटच्या पोरीबद्दल हे मीच बोलले. वडिलांनी खिशातून पट्टा काढून दाखवला. साहेब हसला.

"आता दाखवून काय उपयोग? पागल आहे तर बाहेर आणता कशाला? झोपेची गोळी द्या, मग आणा."

रांगेतले काही जण हसले. एकानं मोबाइल वर धरला.

माझे वडील कुणापुढे वाकत नाहीत. तिथं ते कमरेत वाकले. "माही चुकी झाली साहेब. मीनं काढलं होतं."

तिथं माझं डोकं सणकलं. मी पोरीशेजारी फरशीवर मांडी घातली.

"गोळी देणार नाही," मी म्हणाले. "ती शांत होईल तेव्हा उठेल. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. बाबा, तुमी उभे राहा. माफी काहून मांगता?"

विमान गेलं. आम्ही बसनं गावी परत आलो.

आता घरात कुकरची शिट्टी झाली की पोरगी दारात जाऊन उभी राहते. पाय फाकवून, दोन्ही हात वर, डोळे मिटून. कुणीतरी येऊन अंग चाचपून जाईल म्हणून वाट पाहते. मी तिचे हात खाली घेते. ती पुन्हा वर करते. वडिलांना ते पाहवत नाही, ते उठून बोडीच्या, गावातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर जाऊन बसतात. 'विमान' हा शब्द ती बोलत नाही. 'पप्पा'ही नाही. वर्गात उत्तर द्यायला पोरांनी हात वर केले तरी मी चटकन म्हणते, खाली घ्या.

आजोबानं चूक केली, असं गावात बोलतात. मी मानत नाही. पट्टा मदतीचा आहे, हे मला आता नीट कळलं आहे. तो आम्ही घालू. पण खूण दिसली तर माणूस आणि नाही दिसली तर तमाशा, हा कायदा माझ्या वडिलांनी केलेला नाही. ज्यांनी केला त्यांनी वाकावं.

पोरीला ओढून नेणार नाही. ती पुन्हा 'पप्पा' म्हणेल त्या दिवशी तिकिटं काढीन. तपासणीच्या बाईला आधीच सांगीन, हात लावण्यापूर्वी माझ्या मुलीला विचारा. तिला 'हो' म्हणायला वेळ लागतो. तेवढा वेळ रांगेनं थांबायचं.