मे महिन्यातली चादर

गळ्यातली गाठ पहिल्यांदा दिसली ती माझे ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना. माप घेताना म्हणाल्या, "मॅडम, हितं जरा फुगल्यासारखं वाटतंय की." मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाही अशी माझी समजूत होती. रिपोर्ट आला आणि ती समजूत गळून पडली. सोनोग्राफीत थायरॉइडची गाठ, आणि रक्तात अँटिबॉडीज मर्यादेच्या कितीतरी पट. दोन्हींची बेरीज करून मी कॅन्सर असं उत्तर काढलं आणि आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझी बेरीज खोडली. गाठ वेगळी, अँटिबॉडीज वेगळ्या. गाठीचा नमुना सुईनं काढला होता, त्यात वाईट काही नव्हतं. वर्षानं पुन्हा सोनोग्राफी करायची, बास. अँटिबॉडीज म्हणजे शरीराची राखण करणारेच थायरॉइडवर उठलेले. ती ग्रंथी हळूहळू मंदावते. मग माणूस थकतं, सुजतं, उन्हाळ्यातही त्याला थंडी वाजते.

"घरात आणखी कुणाला आहे?"

"छे, कुणालाच नाही," मी म्हटलं.

रिक्षात बसल्यावर आई आठवली.

आई वैरागला माझ्या भावाकडे असते. माझ्या लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळे पंख्याखाली लोळायचो आणि ती चादर पांघरून म्हणायची, पंखा बंद करा. भाकरी थापता थापता भिंतीला टेकायची. वडील तिला ऐदी म्हणायचे. आणि मी, घरातली हुशार पोरगी, पाहुण्यांसमोर तिची नक्कल करायचे. डोळे अर्धे मिटून, एकेक शब्द ओढत. तीही हसायची. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

रविवारी वैरागला गेले, दुसऱ्या दिवशी तिला बार्शीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला, तिचा अँटिबॉडीजचा आकडा माझ्याहून मोठा निघाला. गोळ्या घेऊन घरी आलो, तेव्हा मी तिला समजावलं, हा आजार आहे, तुला कित्येक वर्षांपासून असणार, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची.

ती रिपोर्टच्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

"म्हंजे मी आळशी न्हवते," ती म्हणाली.

"नव्हतीस, आई."

"तुज्या बापाला कळाया पायजे हुतं."

वडील जाऊन सात वर्षं झालीत. मी मात्र समोर होते. म्हटलं, "मीपण तुझी नक्कल करायचे."

"करायचीस की," आई म्हणाली. "लई हुबेहूब करायचीस."